खाजणातला गाळ आणि खडकातले तेल

खनिज तेलाचा विषय निघाला म्हणजे सभेत एक प्रश्न हटकून विचारला जातो : जमिनीच्या पोटात तेलाची तळी असतात काय? विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. तेलविहीर हा शब्द आपणच रूढ केला आहे, आणि विहीर म्हटली की तळाशी साठलेले पाणी डोळ्यांपुढे यावे हे स्वाभाविक आहे. उत्तर असे की, तेलाचे तळे भूगर्भात कोठेही नसते. तेल असते ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, भिजवलेल्या विटेत पाणी मुरलेले असते तसे. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. आज तळे नसले, तरी पुष्कळ ठिकाणी एके काळी ते होते. ते तेलाचे नव्हते, पाण्याचे होते. उथळ, संथ, कोणी मुद्दाम पाहायला जाऊ नये असे. त्याच्या तळाशी बसलेल्या चिखलाचे पुढे काय झाले, हा आजचा आमचा विषय आहे.

समुद्राच्या कडेला वाळूचा बांध तयार होऊन आत अडकलेल्या उथळ पाण्याला भूगोलाच्या पुस्तकांत खाजण म्हणतात. काही लेखक खारकच्छ असाही शब्द वापरतात. ओडिशातले चिल्का सरोवर हे त्याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण. कोकणातला माणूस खाजण म्हणतो ते खाडीकाठच्या, भरतीचे पाणी चढणाऱ्या खाऱ्या जमिनीला. दोन्ही अर्थ एकमेकांचे शेजारीच आहेत, आणि चिखल दोहोंकडे बराचसा सारखा. ओहोटीच्या वेळी अशा चिखलात ज्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आहे, त्याला पुढचे समजावून सांगणे सोपे जाईल. वरचा पापुद्रा तपकिरी असतो. बोटभर खाली चिखल काळाकुट्ट. आणि पाय उपसला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे राहणारे सूक्ष्म जंतू पाण्यातल्या गंधकयुक्त क्षारांवर गुजराण करतात आणि हा वायू सोडतात. म्हणजे तो वास ही एक खूणच आहे. येथे हवा नाही, असे तो सांगतो.

हवा नसणे हीच आपल्या कथेतली मुख्य गोष्ट आहे. झाडाचे पान वाटेवर पडले तर वर्षभरात त्याची माती होते, कारण प्राणवायू घेणारे जंतू ते खाऊन टाकतात. तेच पान, किंवा पाण्यातले शेवाळ, हवा नसलेल्या चिखलात पडले तर त्याचा नाश अर्धवट राहतो. लोणच्यावर आपण चार बोटे तेल ठेवतो ते हवा लागू नये म्हणूनच. खाजणाचा तळ म्हणजे निसर्गाने घातलेले लोणचे आहे असे म्हटले तर भूवैज्ञानिक रागावतील, पण गृहिणींना ते पटेल. यात पाण्याच्या संथपणाचा मोठा हात असतो. वर ऊन लागून तापलेले हलके पाणी, खाली थंड किंवा अधिक खारट असे जड पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या पाण्यात शेवाळ माजते, मरते, खाली पडते. खालच्या पाण्यात ते खायला कोणी नसते. त्यावर मातीचा तलम गाळ बसतो, पुन्हा शेवाळ, पुन्हा गाळ. असा एकेक थर कागदाएवढा पातळ असतो.

असल्या जुन्या संथ पाण्याच्या खुणा आपल्याही दाराशी आहेत. मुंबईच्या वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये गाळाचे पातळ थर सापडले, आणि त्यांत लहान लहान बेडकांचे सांगाडे दबलेले होते. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. लाव्हाचे लोट थांबले की मधल्या काळात दलदल साचे, बेडूक नांदत, आणि पुन्हा लाव्हा येई. हे थर जाडीने फारच थोडे. त्यांतून तेलाचा उद्योग उभा राहण्यासारखा नव्हता. तो जेथे उभा राहिला, शंभर वर्षे चालला आणि मोडला, असा प्रदेश पाहायचा तर स्कॉटलंडात जावे लागते.

एडिंबरो शहराच्या पश्चिमेस वेस्ट लोदियन नावाचा परगणा आहे. आज तेथे थंडी आणि पाऊस यांचे राज्य आहे. पण सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता. भूखंड सरकतात हे आता सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे नवल नको. तेथे उष्ण प्रदेशातली विस्तीर्ण उथळ सरोवरे आणि खाजणे पसरली होती. त्यांचे पाणी बहुधा गोडे, पण अधूनमधून समुद्र आत शिरे. आसपास ज्वालामुखी धुमसत आणि त्यांची राख पाण्यात पडे. हेन्री कॅडेल या भूवैज्ञानिकाने या प्रदेशाचा कसून अभ्यास केला होता. म्हणून पुढच्या संशोधकांनी या लुप्त सरोवराला कॅडेलचेच नाव दिले. ज्याने आयुष्यात ते पाणी कधी पाहिले नाही त्याच्या नावाने सरोवर व्हावे, ही भूशास्त्रातलीच गंमत!

या पाण्यात जे शेवाळ माजे, त्यातल्या एका जातीचे वंशज आजही जगात आहेत. बॉट्रिओकॉकस हे त्याचे नाव. त्याच्या द्राक्षाच्या घोसासारख्या वसाहती असतात आणि त्यांच्या अंगात स्निग्ध द्रव्य भरपूर असते. हे शेवाळ लक्षावधी वर्षे त्या तळाशी साचत गेले. मधूनच नद्यांनी वाळू आणून खाजण बुजवले, पुन्हा जमीन खचली, पुन्हा पाणी साचले. त्यामुळे तेथे शेवाळाच्या गाळाचा एकच थर नाही. वाळूच्या आणि चुनखडीच्या थरांमध्ये असे अनेक थर आहेत. गाळ दाबला जाऊन त्याचा जो पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक होतो त्याला शेल म्हणतात. हा तैल शेल. खाणीतले कामगार त्याची परीक्षा चाकूने करीत. चांगल्या शेलची कड तासली तर रंध्याखालच्या लाकडासारखी वळलेली चकती निघते. दगडाची वळणारी चकती निघावी, यावरूनच त्यात दगडाखेरीज आणखी काही आहे हे उघड होते.

हे आणखी काही म्हणजे तेल मात्र नव्हे. श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण नेमका येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. शेवाळाच्या अवशेषांचे प्रथम एक घट्ट, मेणासारखे, पाण्यात किंवा साध्या द्रावकात न विरघळणारे द्रव्य बनते. त्याला केरोजेन म्हणतात. अलेक्झांडर क्रम ब्राउन या एडिंबरोच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०६ साली हा शब्द काढला, आणि काढला तो याच स्कॉटिश शेलसाठी. केरोजेन म्हणजे कच्चे तेल म्हणा. पण येथे कच्चे याचा अर्थ न शिजलेले. त्याचे तेल व्हायला आच लागते. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते. गाळाचा थर खचत खचत दोन ते चार किलोमीटर खोल गेला आणि साधारण ६० ते १२० अंश उष्णतेत लक्षावधी वर्षे राहिला, की केरोजेनचे रेणू तुटून त्यांचे तेल होते. त्याहून अधिक तापले तर तेलाचाही वायू होतो. आच फार झाली तर दुधाची बासुंदी न होता खाली करपते, तसे शेवटी नुसता कार्बन उरतो.

वेस्ट लोदियनमधले जे थर पृष्ठभागाजवळ राहिले त्यांना ही आच पुरेशी लागली नाही. निसर्गाने काम अर्धे टाकले. ते पुरे करण्याचे माणसाच्या मनात आले, आणि तो माणूस म्हणजे जेम्स यंग.

यंगचा जन्म ग्लासगोचा, १८११ सालचा. आफ्रिकेतला प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टन हा त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र. पुढे यंगने त्याच्या प्रवासांना पैसाही पुरवला. (हाच लिव्हिंग्स्टन १८६४ साली आफ्रिकेहून आपली लहानशी बोट हाकत मुंबईस आला होता.) यंगने डार्बीशायरमधल्या एका कोळशाच्या खाणीत झिरपणारे तेल पाहिले आणि कोळसा मंद आचेवर तापवला तर असे तेल मिळेल असा तर्क केला. १८५० साली त्याने त्याचा एकाधिकार मिळवला आणि पुढल्याच वर्षी बाथगेट येथे कारखाना काढला. अमेरिकेत ड्रेकची विहीर लागली ती १८५९ साली. म्हणजे यंग त्याच्या आठ वर्षे आधी दिव्याचे तेल विकत होता. आपण ज्याला रॉकेल म्हणतो त्या शब्दाचे मूळ खडकाचे तेल या अर्थाच्या इंग्रजी नावात आहे. यंगने ते अक्षरशः खडकातून काढले.

त्याने प्रथम वापरलेला दगड टोर्बनहिल येथला. तो कोळसा की दुसरे काही, यावर १८५३ साली एडिंबरोच्या न्यायालयात मोठा खटला गाजला. जमीनमालकाचे म्हणणे असे की, आपण कोळसा काढण्याचा खंड दिला होता, हा दगड कोळसाच नव्हे. दोन्ही बाजूंनी नामांकित रसायनशास्त्रज्ञ आणि भूवैज्ञानिक साक्षीला उभे राहिले, आणि त्यांचे आपसात जमेना. शेवटी ज्यूरीने तो कोळसा ठरवला. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तो दगड म्हणजे मुख्यतः दाबलेले शेवाळ आहे. न्यायालयाचा निर्णय आणि निसर्गाचा निर्णय एकच असतो असे नाही.

तो दगड लवकरच संपत आला, आणि यंगचा एकाधिकारही १८६४ साली संपला. मग तैल शेलकडे साऱ्यांचे लक्ष गेले. पद्धत ऐकायला सोपी आहे. खाणीतून शेल काढायचा, फोडायचा, उंच बंद भट्टीत घालून सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवायचा, आणि निघणारी वाफ थंड करून तेल घ्यायचे. निसर्ग जे लक्षावधी वर्षांत मंद आचेवर करतो, ते भट्टीत काही तासांत होते. फक्त आच कितीतरी अधिक लागते. एका टनातून वीस ते चाळीस गॅलन तेल मिळे. त्यापासून दिव्याचे तेल, वंगण, मेणबत्त्यांचे मेण, आणि जोडीला खतासाठी अमोनियम सल्फेट. १९१३ साली येथे ३० लाख टनांहून अधिक शेल खणला गेला आणि सुमारे १०,००० माणसे या धंद्यात होती. तेलातली ही स्कॉटिश माणसे दूरवर पसरली. ब्रह्मदेशातले तेल काढणारी बर्मा ऑइल कंपनी १८८६ साली स्कॉटिश व्यापाऱ्यांनीच स्थापन केली, आणि तिचे रॉकेल आपल्या देशातल्या कंदिलांत जळले.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एक टन दगड तापवला तर तेल निघते बादली-दोन बादल्या नव्हे, तर एका पिंपाच्याही आत. बाकी सारा दगड जळून, फुगून, लाल होऊन उरतो. तो टाकायचा कोठे? कारखान्याच्या दाराशी. अशा राखेचे डोंगर त्या परगण्यात उभे राहिले. तेथले लोक त्यांना बिंग म्हणतात. वेस्ट काल्डरजवळ पाच शिखरांचा एक बिंग आहे, त्याला पाच बहिणी असे नाव पडले. आता काही बिंग वारसा म्हणून जतन केले आहेत, काहींवर दुर्मिळ वनस्पती उगवल्या आहेत, आणि काही रस्त्यांच्या भरावात गेले. पाहणाऱ्याला ते सुंदरही वाटतात. पण १० जानेवारी १९४७ रोजी बर्नग्रेंजच्या शेल खाणीत स्फोट होऊन आग लागली आणि १५ खाणकामगार मेले. त्या बहिणींकडे पाहताना हेही लक्षात ठेवावे लागते. विहिरीतून आपोआप उसळणाऱ्या परदेशी तेलापुढे हा कष्टाचा धंदा टिकणे कठीणच होते. सरकारी करसवलतीच्या आधारावर तो कसाबसा चालला आणि १९६२ साली बंद पडला.

येथे कथा संपली असती. पण तेच थर सगळीकडे उथळ नाहीत. वेस्ट लोदियनपासून फोर्थच्या खाडीच्या दोन्ही अंगांना ते कोठे कोठे फार खोल गेले आहेत, आणि तेथे निसर्गाची भट्टी पेटलेली होती. तेथे केरोजेनचे तेल झाले, वायूही झाला. मग ते तेल वर का आले नाही?

हे कळण्यासाठी आपल्या मुंबई हायकडे पाहू. तेथे १९७४ साली जे तेल लागले ते चुनखडीच्या थरात. ते तेल त्या थरात जन्मले नाही. ते इतरत्र, अधिक खोल असलेल्या शेलमध्ये तयार झाले, दाबाने बाहेर पडले, सच्छिद्र खडकांतून सरकत सरकत वर आले आणि वरच्या अभेद्य झाकणाखाली अडकले. तेलाची जन्मभूमी निराळी आणि वसतिस्थान निराळे. तेलाच्या शोधात शंभर वर्षे हाच नियम मानला गेला, आणि अशा साठ्याला रूढ साठा म्हणतात. परंतु जन्मलेले सारेच तेल घर सोडते असे नाही. पुष्कळसे जेथल्या तेथे राहते. शेलची छिद्रे इतकी बारीक असतात की, आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही ती लहान भरतात. त्यांतून तेलाचा कण निघेल कसा? वायू तर अंशतः त्या सेंद्रिय द्रव्याच्या कणांना चिकटूनच बसतो. जन्मभूमी हेच वसतिस्थान झाले. याला अरूढ साठा म्हणतात.

खाजणाच्या गाळाचा एक विशेष गुण येथे उपयोगी पडतो. भर समुद्राच्या तळाशी मैलोगणती एकसारखी माती साचते. खाजणाचे तसे नसते. ते लहरी असते. उन्हाळा लांबला की पाणी आटते आणि चुन्याचा किंवा डोलोमाइटचा पातळ थर बसतो. वादळ आले की वाळूची एक पट्टी येते. पुन्हा पाऊस, पुन्हा शेवाळ, पुन्हा चिखल. त्यामुळे खडकात मऊ आणि कडक थर एकाआड एक येतात. मऊ मातीचा थर पुरणपोळीसारखा वाकतो, चुन्याचा थर पापडासारखा मोडतो. तेलाला मैलोगणती जावे लागत नाही. शेवाळाच्या थरातून निघून बोटभर अंतरावरच्या चुन्याच्या थरात ते मुक्काम करते. आणि हा थर मोडणारा असल्यामुळेच माणसाला तेथे भेगा पाडता येतात.

भेगा पाडण्याची युक्ती अमेरिकेत टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये १९९० नंतरच्या दशकात जमली. जॉर्ज मिचेल या तेलउद्योजकाने वर्षानुवर्षे चिकाटीने पैसा घालून ती जमवली. विहीर खाली नेऊन नंतर आडवी वळवायची, थरातून दीड-दोन किलोमीटर न्यायची, आणि प्रचंड दाबाने वाळू मिसळलेले पाणी व थोडी रसायने आत सोडायची. खडक फुटतो, वाळूचे कण भेगांत अडकून त्या उघड्या ठेवतात, आणि तेल-वायू वाहू लागतो. एका विहिरीला एक कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. आणि विहीर पहिल्या वर्षी भरभरून देते, मग झपाट्याने आटते. म्हणून सतत नव्या विहिरी खणत राहावे लागते. यंगच्या कामगारांना नवनवा दगड खणावा लागे, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे. घट्ट खडक आपले धन फुकट देत नाही. पूर्वी त्याची किंमत राखेच्या रूपाने दिसत होती, आता ती पाण्याच्या रूपाने द्यावी लागते.

२०१४ साली ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने स्कॉटलंडच्या मधल्या पट्ट्याचा अंदाज प्रसिद्ध केला : शेलमध्ये सुमारे ८० लक्ष कोटी घनफूट वायू आणि सुमारे ६०० कोटी पिंपे तेल. आकडा ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील. पण हा खडकात असलेल्या साठ्याचा अंदाज आहे, काढता येईल अशा साठ्याचा नव्हे. वर्तमानपत्रे हा भेद बहुधा पहिल्या वाक्यात विसरतात. शिवाय हा पट्टा दाट वस्तीचा. जमीन कोळशाच्या आणि शेलच्या जुन्या खाणींनी पोखरलेली आणि भूस्तरभंगांनी चिरलेली. त्यात आणखी भेगा पाडायच्या, हे लोकांना रुचले नाही. इंग्लंडात लँकेशरमध्ये २०११ साली अशाच एका विहिरीमुळे लहान भूकंपाचे धक्के बसले होते, तेही लोकांच्या स्मरणात होते. स्कॉटिश सरकारने २०१५ साली या कामाला स्थगिती दिली आणि २०१९ साली त्याला पाठिंबा न देण्याचे धोरण कायम केले.

यावर टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट ऐकावी. या बिंगांपासून फार दूर नाही असे ग्रेंजमथ नावाचे बंदर आहे. तेथे १९२४ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरणाचा कारखाना होता. तो २०२५ साली बंद झाला. त्याच बंदराला २०१६ च्या सप्टेंबरात एक मोठे जहाज लागले. त्यात तेथल्या रसायनांच्या कारखान्यासाठी इथेन वायू होता, आणि तो आला होता अमेरिकेतून, पेनसिल्व्हेनियाच्या शेलमधून, खडक फोडून काढलेला. ज्या पेनसिल्व्हेनियातल्या ड्रेकच्या विहिरीपासून स्वस्त तेलाचे युग सुरू झाले आणि यंगचा धंदा मागे पडत गेला, तेथूनच. स्वतःच्या पायाखालचा खडक फोडायचा नाही असे ठरवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पायाखालच्या फोडलेल्या खडकातला वायू विकत घेतला. आम्ही त्यांना दोष देत नाही. आपले घर राखण्याचा त्यांना अधिकार होता. पण ज्यांच्या विहिरींशेजारी तो खडक फुटला त्यांनाही घरे होती, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा बनला आहे, तोच कातळ गुजरातेत खंभातच्या आसपास खोल खचला आहे आणि त्याच्यावर गाळाचे जाड थर बसले आहेत. त्यांतला एक काळा शेल, खंभात शेल या नावाचा, कोंडलेल्या पाण्याच्या तळाशी साचलेला आहे. १९६० साली अंकलेश्वर येथे तेल लागले आणि त्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी वसुधारा असे नाव दिले. ते तेल याच शेलमधून निघून वरच्या वाळूच्या थरांत साठलेले होते. जे निघाले नाही ते अजून शेलमध्येच आहे. ते मिळते का हे पाहण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०१३ साली जंबुसरजवळ एक विहीर खणली. अमेरिकेसारखा ओघ तेथे लागला नाही. थर जाड आहे, पण मातीचा अंश मोठा असला की खडक फुटण्याऐवजी दबतो. पापड आणि पुरणपोळी यांचा भेद येथेही आडवा येतो. आणि एका विहिरीचे एक कोटी लिटर पाणी गुजरातेतल्या किंवा आपल्या कोणत्या तालुक्याने, कोणत्या महिन्यात द्यायचे, हा हिशेब भूवैज्ञानिकांच्या नकाशावर नसतो. तो मामलेदाराच्या कचेरीत, टँकरच्या यादीशेजारी ठेवून वाचावा लागतो.